गाडे घडवणाऱ्या पाच भावांची मोटार



ट्रॅक्टर म्हणा, डिझेल इंजिन म्हणा, फटफटी म्हणा, नवे यंत्र दारात आले की आपण त्याला हार घालतो, नारळ फोडतो, घरातली सवाष्ण त्याला हळदकुंकू लावते. किंमत किती, हप्ता किती, तेल किती खाते, हे सारे तोवर चार ठिकाणी विचारून झालेले असते. एक गोष्ट मात्र सहसा कोणी विचारत नाही. हे यंत्र करणारी कंपनीच उद्या उठून गेली तर? मग लागेल तो पट्टा, गिअरचे दातेरी चाक कोण देणार? आणि त्या कंपनीत आयुष्य घालवलेल्या माणसांनी म्हातारपणी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

आज तुम्हांला अमेरिकेतल्या अशाच एका मोटारीची हकीगत सांगतो. तिचे नाव स्टुडिबेकर. आपल्यातल्या जुन्या माणसांच्या कानावरून हे नाव गेलेही असेल, कारण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हिंदुस्थान मोटर्स या कंपनीने या गाड्यांची जुळणी आपल्या देशात केली होती. पण ही हकीगत मी निवडली ती दुसऱ्याच कारणाने. हे घराणे मुळात मोटारवाल्यांचे नव्हेच. ते लोहार-सुतारांचे, शेतकऱ्याला गाडा करून देणाऱ्यांचे. घोड्यांचे गाडे करणारे कारखाने अमेरिकेत शेकड्यांनी होते. मोटार आली आणि ते एकेक करून गेले. गाड्यावरून मोटारीवर उडी मारून पुढे कित्येक वर्षे मोठ्या प्रमाणावर टिकलेले ठळक नाव असे हे एकच.

बाप जॉन स्टुडिबेकर ओहायो राज्यात लोहारकी करी आणि गाडे बांधी. त्याचे पाच मुलगे पुढे या धंद्यात आले. हेन्री, क्लेमेंट, जॉन, पीटर आणि जेकब. त्यांतल्या हेन्री आणि क्लेमेंट या दोघांनी १८५२ च्या फेब्रुवारीत इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी भाता पेटवला. भांडवल काय, तर ६८ डॉलर आणि लोहारकीची हत्यारे. घोड्यांना नाल ठोकायचे, मोडके सांधायचे, आणि कोणी सांगितलाच तर नवा गाडा करून द्यायचा. पहिल्या वर्षात गाडे झाले जेमतेम दोन-तीन.

हा गाडा म्हणजे चार चाकांचा, लाकडी. त्याला घोडे, खेचरे नाहीतर बैल जुंपायचे. दोन चाके जास्त असली तरी त्याचे दुखणे आपल्या बैलगाडीचेच. तुंबा फुटला, आरा सुटला, धाव निसटली की माल रस्त्यातच. लाकूड ओले असेल तर उन्हाळ्यात ते आक्रसते आणि धाव ढिली पडते, हे आपल्या गावच्या सुताराला कोणी शिकवावे लागत नाही. स्टुडिबेकर भावांनाही ते ठाऊक होते. पुढे कारखाना मोठा झाला तेव्हा त्यांच्या आवारात लाकडाच्या थप्प्या वर्षानुवर्षे वाळत पडलेल्या असत. घाई नव्हती. त्यांचे नाव झाले ते या वाळलेल्या लाकडावर.

तिसरा भाऊ जॉन १८५३ मध्ये कॅलिफोर्नियाला गेला. तिकडे सोने सापडल्याची हाकाटी झाली होती. आपल्या हातचा एक गाडा तांड्याला देऊन त्याने प्रवासाची सोय केली. पोचला तेव्हा खिशात अर्धा डॉलर उरला होता, असे सांगतात. ज्या गावी तो उतरला त्याचे नाव आज प्लेसरव्हिल आहे. तिथे त्याने सोने काही खणले नाही. खाणीवाल्यांना माती उपसायला एकचाकी हातगाडी लागे. ती तो करून देऊ लागला. पाच वर्षांत ८,००० डॉलर साठवून १८५८ मध्ये तो घरी परतला. थोरला हेन्री कारखान्याला कंटाळला होता, त्याला शेती करायची होती. जॉनने त्याचा हिस्सा विकत घेतला आणि हेन्री शेतावर गेला. लोकांनी जॉनला ‘हातगाडीवाला जॉनी’ असे नाव ठेवले, ते जन्मभर चिकटले.

पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. उत्तरेच्या सैन्याला गाड्यांची फार गरज पडली आणि कारखाना भरभराटला. १८६८ मध्ये रीतसर कंपनी झाली. १८७२ आणि १८७४ अशा दोनदा मोठ्या आगी लागल्या, दोन्ही वेळा पुन्हा बांधकाम झाले. पश्चिमेकडे जमीन कसायला निघालेली कुटुंबे या गाड्यांत भांडीकुंडी, बियाणे, पोरेबाळे घालून निघत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कंपनी स्वतःला जगातली सर्वांत मोठी गाडेवाली म्हणवून घेत असे, आणि त्यात फारशी बढाई नव्हती.

मग मोटार आली. जॉनला ती मुळीच आवडली नव्हती. तेलाचा वास, फटफट आवाज, घोडे बुजायचे. पण त्यांच्या घरचे जावई फ्रेड फिश यांनी हट्ट धरला. १९०२ मध्ये कंपनीने पहिली मोटार काढली, ती विजेची! आज विजेच्या गाड्यांचे एवढे कौतुक चालले आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. त्या वर्षी विकल्या गेल्या अवघ्या २०, आणि त्यांतली दुसरी गाडी घेतली थॉमस एडिसन यांनी. १९०४ पासून पेट्रोलच्या गाड्या सुरू झाल्या. घोड्यांचे गाडे मात्र कंपनी १९२० पर्यंत करतच राहिली. म्हणजे एकाच नावाखाली १८ वर्षे गाडा आणि मोटार शेजारी शेजारी. हातगाडीवाला जॉनी १९१७ मध्ये वारला. पाच भावांतला शेवटचा.

यापुढची कथा सुखदुःखाची आहे. १९२९ मध्ये अमेरिकेत शेअरबाजार कोसळला आणि मंदी आली. त्या वेळचे कंपनीचे अध्यक्ष अल्बर्ट अर्स्किन यांना वाटले, ही सर चार दिवसांत ओसरेल. नफा आटलेला असताना त्यांनी भागधारकांना नफ्याहून कितीतरी जास्त लाभांश वाटला. बियाण्याचे दाणे दळून जेवणावळ घालण्यासारखेच हे. मार्च १९३३ मध्ये कंपनी न्यायालयाच्या ताब्यात गेली आणि जुलैत अर्स्किन यांनी स्वतःचा जीव घेतला. पॉल हॉफमन आणि हॅरल्ड व्हान्स या दोघांनी ती पुन्हा उभी केली. १९३९ मध्ये ‘चॅम्पियन’ नावाची हलकी, थोड्या तेलात चालणारी गाडी काढली आणि मध्यम घरातले लोक परत स्टुडिबेकरकडे वळले.

दुसऱ्या महायुद्धात या कारखान्याने सुमारे २ लाख ट्रक सैन्यासाठी केले. त्यांतले निम्म्याहून जास्त रशियाला गेले. बर्फात, चिखलात, वाटेल ते तेल पिऊन ते चालले. त्यांच्या पाठीवर रशियनांनी आपल्या ‘कात्युशा’ तोफांचे रॉकेट बसवले. रशियन सैनिक या ट्रकला लाडाने ‘स्टुडर’ म्हणत. इंडियानातल्या लोहाराचे आडनाव असे रशियन भाषेत जाऊन बसले.

युद्ध संपले. अमेरिकेतल्या बाकीच्या कंपन्या जुनीच गाडी थोडी रंगवून विकत होत्या, तेव्हा स्टुडिबेकरने १९४७ चे मॉडेल म्हणून अगदी नव्या घाटाची गाडी बाजारात आणली. मागची काच एवढी मोठी आणि मागचा भाग एवढा लांब, की लोक थट्टेने विचारत, ही गाडी येते आहे की जाते आहे? १९५० च्या गाडीला नाकाच्या जागी बंदुकीच्या गोळीसारखे टोक होते. काहींना ते आवडे, काही हसत. पण त्या एका मॉडेलच्या सुमारे ३ लाख ४० हजार गाड्या झाल्या. एवढ्या एका वर्षात पुन्हा कधी झाल्या नाहीत.

आता ज्यांनी ती गाडी चालवली त्यांचे काय म्हणणे होते, ते बघू. कंपनीच्या जाहिरातीपेक्षा मला ते जास्त महत्त्वाचे वाटते.

मालकांच्या कौतुकाची एक गोष्ट म्हणजे चढावर गाडी धरून ठेवणारी कळ. ही १९३६ मध्ये आली. चढावर थांबलात, क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले, की ब्रेकवरचा पाय काढला तरी क्लच दाबलेला असेतोवर गाडी मागे घसरत नाही. घाटात मागे ट्रक चिकटलेला असताना ज्याने गाडी उठवली आहे, त्याला या कळीची किंमत सांगायला नको. दुसरी गोष्ट ओव्हरड्राइव्हची. सपाट लांब रस्त्यावर हा जादा गिअर पडला की इंजिन शांत होते आणि तेल वाचते. खेड्यातून शहराकडे लांब पल्ल्याने जाणाऱ्यांना या गाड्या आवडत त्या यासाठी.

तक्रारीही होत्या, आणि त्या पक्क्या होत्या. १९५३ मध्ये रेमंड लोवी यांच्या मंडळींनी आखलेली एक कूपे गाडी आली. बुटकी, लांबट, सुबक. अमेरिकेत तयार झालेल्या देखण्या गाड्यांत आजही तिचे नाव घेतात. पण कारखान्याने अंदाज बांधला की लोक चार दारांची साधी गाडीच जास्त मागतील. मागणी आली कूपेची. तयारी एकीची आणि गिऱ्हाईक दुसरीचे! घाईघाईने कूपे करायला घेतली, तर पुढचे पत्रे एकमेकांना जुळेनात, आणि खालची चौकट इतकी लवचिक की इंजिन ठेवताच ती वाके. ज्यांनी पैसे भरून वाट पाहिली, ते कंटाळून दुसरीकडे गेले. पुढच्या काळातल्या गाड्यांचे गंजणे तर प्रसिद्धच. पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या आत एक खाच होती. तिथे चिखल आणि थंडीत रस्त्यावर टाकलेले मीठ साचून राही आणि पत्रा आतून खाल्ला जाई. वरून चकचकीत, आतून चाळण. जाणते मालक दर धुण्याला पाण्याची नळी त्या खाचेत घालत.

१९५७ ची ‘स्कॉट्समन’ ही गाडी तर आपल्यासारख्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून केली असावी, असे वाटते. स्कॉटलंडचे लोक पै-पैचा हिशेब ठेवणारे, अशी तिकडे समजूत, म्हणून हे नाव. चमकणारी पट्टी नाही. दारांना आतून पुठ्ठा. खाली गालिच्याऐवजी रबर. चाकांवरच्या टोप्यासुद्धा रंगवलेल्या. दोन दारांच्या गाडीची किंमत १,७७६ डॉलर, म्हणजे आकडा बरोबर अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या सालाचा. कंपनीला वाटले थोड्या विकतील. विकल्या त्याहून खूप जास्त. पण स्वस्त गाडीत नफाही स्वस्तच.

शेतकऱ्यांसाठी पिकअप होतीच. १९६० मध्ये ‘चॅम्प’ नावाची नवी पिकअप काढली. पुढचे तोंड आणि कॅब मोटारीचीच. पैसे नव्हते म्हणून पुढच्या वर्षी मागचा रुंद हौदा डॉज कंपनीच्या जुन्या साच्यांवरून केला. झाले असे की कॅब अरुंद आणि हौदा दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. सदरा एकाचा आणि धोतर दुसऱ्याचे, असे ते ध्यान दिसे. माल मात्र भरपूर बसे, आणि पिकअपवाल्याला मालाशी काम.

आणखी एक गंमत म्हणजे १९६३ ची ‘वॅगनेअर’. तिच्या मागच्या भागाचे छत पुढे सरकवता येई. उभे कपाट, उभा रेफ्रिजरेटर, एखादे झाड, काय वाटेल ते उभेच्या उभे ठेवून न्या. कल्पना नामी. पण छताच्या कडेने पाऊस आत येऊ लागला आणि मागे बसलेल्यांच्या डोक्यावर ठिबकू लागला. कारखान्याने दुरुस्त्या केल्या, न सरकणाऱ्या छताची गाडीही देऊ केली. तरी गळक्या छताचा बोलबाला व्हायचा तो झालाच. गळकी गाडी आणि गळके घर, शेजारी कधी विसरत नाहीत!

मग कंपनी बुडाली कशाने? तक्रारी तर सगळ्याच गाड्यांच्या असतात. लोक वेगवेगळी कारणे देतात. मजुरी जास्त होती, हे खरे. ऑगस्ट १९५४ मध्ये कामगारांनी स्वतःच मत देऊन पगारकपात मान्य केली, हेही तितकेच खरे. फोर्ड आणि शेव्हरले या दोघांनी १९५३-५४ मध्ये एकमेकांवर कुरघोडी करायला गाड्या पाडून विकल्या. दोन हत्तींच्या झुंजीत खालची झुडपे तुडवली गेली. पण मला स्वतःला जुने कारण मोठे वाटते. युद्धानंतर पैसा हाती होता, तेव्हा नव्या यंत्रांत जेवढा घालायला हवा होता तेवढा घातला नाही, लाभांशात वाटला. १९५४ मध्ये पॅकार्ड या दुसऱ्या जुन्या मोटार कंपनीने स्टुडिबेकरला विकत घेतले. हिशेबाच्या वह्या नीट तपासल्या त्या त्यानंतर. तोटा न होण्यासाठी वर्षाला २ लाख ८० हजारांच्या आसपास गाड्या विकायला हव्यात, असे त्यांतून निघाले. विकल्या जात होत्या त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. म्हैस घेतल्यावर ती भाकड असल्याचे कळावे, तशी पॅकार्डची गत झाली. १९५८ नंतर पॅकार्डचे नावही संपले.

१९५९ मध्ये ‘लार्क’ नावाची आखूड गाडी आली. जुन्याच गाडीचे पुढचे-मागचे टोक छाटून केलेली. ती खपली, कंपनीला चांगला नफा झाला. पण त्याच वर्षी शरद ऋतूत तिन्ही बड्या कंपन्यांनी आपापल्या छोट्या गाड्या काढल्या आणि लार्कचा बहर ओसरला. त्या नफ्यातून काय केले? संचालक मंडळाने दुसरे धंदे विकत घेतले. १९६० मध्ये ग्रेव्हली नावाच्या, हाताने धरून चालवायच्या छोट्या ट्रॅक्टरचा कारखाना घेतला. जनित्रे करणारी कंपनी घेतली, फरशी घासायच्या यंत्रांची घेतली. हे धंदे नफा देत होते आणि मोटार तोटा. दिवाणखान्यात बसलेल्या संचालकांनी गणित मांडले तर उत्तर काय येणार, ते सांगायला नको.

शेवटचा डाव म्हणून १९६२ मध्ये ‘अवंती’ आणली. काचतंतूंच्या प्लास्टिकचे अंग, पुढे डिस्क ब्रेक, विलक्षण वेग. लोवींनी थोड्या माणसांना घेऊन ती काही आठवड्यांत आखली होती. लोकांच्या उड्या पडल्या. पण अंगाचे भाग बाहेरून करून आणले होते, ते जुळेनात. गाड्या वेळेवर मिळेनात. पुन्हा १९५३ चीच गोष्ट. सुमारे ४,६०० अवंती झाल्या, त्यावर नाही.

९ डिसेंबर १९६३. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येला तीन आठवडेही झाले नव्हते. कंपनीने जाहीर केले की साउथ बेंडचा मोटार कारखाना बंद. २० डिसेंबरला तिथली शेवटची गाडी बाहेर पडली. नाताळच्या पाच दिवस आधी. मग कॅनडातल्या हॅमिल्टन गावच्या छोट्या कारखान्यात मार्च १९६६ पर्यंत गाड्या होत राहिल्या. साउथ बेंडची इंजिने संपल्यावर जनरल मोटर्सची घालून. त्यानंतर स्टुडिबेकर मोटार झाली नाही.

आता इथे जरा थांबा. कारखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या माणसांकडे बघू.

या कारखान्यात बाप, मुलगा, नातू एकाच छपराखाली काम करत. कंपनी आपल्या जाहिरातींत अशा बापलेकांच्या जोड्यांची चित्रे अभिमानाने छापत असे. १९५० मध्ये कंपनी आणि कामगार संघटना यांनी मिळून पेन्शनची योजना केली होती. अडचण अशी की योजना सुरू झाली तेव्हा लोकांची जुनी नोकरीही धरली गेली, पण तिचे पैसे निधीत एकदम भरले नाहीत. ३० वर्षांत हळूहळू भरू, असे ठरले. मधल्या काळात वाटाघाटी होत तेव्हा पेन्शनचा आकडा वाढवला जाई. पगार वाढवायला रोकड लागते. पुढच्या वचनाला कागद पुरतो. दोन्ही बाजूंनी सह्या होत होत्या. आणि ३० वर्षे व्हायच्या आत, १३-१४ वर्षांतच कारखाना बंद पडला.

योजनेत सुमारे १०,५०० माणसे होती. जे आधीच निवृत्त झाले होते किंवा ज्यांची साठी उलटली होती, अशा सुमारे ३,६०० जणांना ठरलेले पेन्शन पूर्ण मिळाले. निधी तिथेच बहुतेक संपला. ४० ते ५९ वयाचे, दहा वर्षांहून जास्त नोकरी झालेले सुमारे ४,००० जण होते. त्यांना त्यांच्या हक्काच्या रकमेतले साधारण १५ टक्के एकदाच हातावर ठेवून वाटेला लावले. शंभर येणे असेल तर पंधरा. या लोकांचे सरासरी वय ५२ आणि सरासरी नोकरी सुमारे २३ वर्षांची. उरलेल्या सुमारे २,९०० जणांना काहीच नाही.

एकोणसाठ वर्षांच्या माणसाचा विचार करा. शेजारचा साठीचा, त्याच यंत्रावर बसलेला, त्याला जन्मभर पेन्शन. याला एक वर्ष कमी, म्हणून पंधरा टक्के. आणि त्या वयात दुसरीकडे नोकरी कोण देतो?

यात कंपनीने चोरी केली असे म्हणता येत नाही. सारे त्या वेळच्या कायद्यात आणि करारात बसत होते. करारातच लिहिले होते की निधीत असेल तेवढेच मिळेल. मला विचाराल तर खरी गोम तीच आहे. कंपनी काही मेली नव्हती. ती आपल्या इतर धंद्यांसह जिवंत होती, १९६७ मध्ये दुसऱ्या कंपन्यांशी जोडली जाऊन आणखी मोठी झाली. मेली ती फक्त मोटार, आणि तिच्याबरोबर बुडाले ते वचन.

हे प्रकरण अमेरिकेत दहा वर्षे धुमसत राहिले. संघटनेने ते सरकारदरबारी नेले, चौकश्या झाल्या, कायदेमंडळात वाद झाले. अखेर २ सप्टेंबर १९७४ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी पेन्शनच्या नव्या कायद्यावर सही केली. तो दिवस अमेरिकेतला कामगार दिन होता. मालकाने निधीत किती आणि केव्हा पैसे भरायचे, किती वर्षांच्या नोकरीनंतर कामगाराचा हक्क पक्का होतो, हे त्यात घालून दिले. आणि एक सरकारी विमा महामंडळ नेमले. मालकांनी त्याला हप्ता भरायचा. कंपनी बुडाली तर ठरावीक मर्यादेपर्यंत पेन्शन त्या महामंडळाने द्यायचे. आजही ते देते. साउथ बेंडच्या माणसांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. कायदा पुढच्यांसाठी होता.

कामगारांचे असे झाले. गाडी घेतलेल्यांचे काय झाले? सुरुवातीला आपण विचारले होते, सुटे भाग कोण देणार. इथे एक नवल आहे, आणि मला ते फार शिकण्यासारखे वाटते. कंपनी गरीब होती म्हणून जे जे तिला करता आले नाही, तेच तिच्या मालकांच्या पथ्यावर पडले. नवा साचा करायला पैसे नव्हते, म्हणून तोच आठ सिलिंडरचा घाट १९५१ पासून १९६४ पर्यंत चालवला. एका वर्षाचा भाग दुसऱ्या वर्षाच्या गाडीला बसतो. १९५३ च्या गाडीचा सांगाडा शेवटच्या गाड्यांपर्यंत कमीजास्त करून तोच. सगळे घरी बनवायची ऐपत नव्हती, म्हणून गिअरबॉक्स, मागचा आस, विजेचे सामान बाहेरच्या कारखान्यांकडून घेतलेले. ते कारखाने तसले भाग इतरांनाही पुरवत होते, म्हणून स्टुडिबेकर गेल्यावरही ते मिळत राहिले. बड्या कंपनीच्या मोटारीचे भाग दरवर्षी बदलत. तिच्या जुन्या गाडीला एखादा भाग मिळणे कधी कधी जास्त अवघड जाते.

शिवाय गोदामे भरलेली होती. साउथ बेंडमधलेच दोन स्टुडिबेकर विक्रेते, नेथन आल्टमन आणि लिओ न्यूमन, यांनी अवंती गाडीचे हक्क, साचे आणि सुटे भाग विकत घेतले. १९६५ पासून त्याच जुन्या कारखान्याच्या एका इमारतीत ते अवंती हाताने करू लागले. इंजिन शेव्हरलेचे; रंग आणि गाद्या गिऱ्हाइकाच्या मर्जीच्या. वर्षाला थोड्याच गाड्या. ज्या गाडीने कंपनीला वाचवले नाही, ती कंपनीच्या मागे वीस वर्षांवर वेगवेगळ्या मालकांच्या हाती तग धरून राहिली.

गाडीवाल्यांनीही एकमेकांना धरून ठेवले. त्यांचे मंडळ १९६२ मध्येच, म्हणजे कारखाना चालू असतानाच निघाले होते. कारखाना गेल्यावर ते वाढले. त्यांचे मासिक निघते, दरवर्षी मेळावा भरतो. गंजलेला पत्रा कसा कापायचा, चढावरच्या कळीची दोरी कशी ताणायची, वॅगनेअरच्या छताला कोणते रबर लावले की गळत नाही, हे सारे एकमेकांना सांगतात. जुने तक्रारखोरच आता जाणकार झाले! ज्या खाचेत चिखल साचे, तिथे आतून आच्छादन बसवण्याची युक्ती मालकांतच रूढ झाली. कारखान्याने जे करायचे राहून गेले, ते गिऱ्हाइकांनी केले. वडिलांची गाडी मुलाकडे, त्याच्याकडून नातवाकडे गेल्याच्या गोष्टी त्यांच्यात पुष्कळ. त्यांतले काही तर कारखान्यातल्या कामगारांचेच वंशज. ज्या नावाने आजोबांचे पेन्शन बुडाले, त्याच नावाची गाडी नातू रविवारी पुसत बसलेला असतो. हे प्रेम कसले म्हणायचे, मला सांगता येणार नाही. पण आजोबांनी हाताने केलेली वस्तू आणि आजोबांना फसवणारा कागद, या दोन गोष्टी त्याने मनात वेगळ्या ठेवल्या असाव्यात.

साउथ बेंडमध्ये आज या घराण्याचे संग्रहालय आहे. त्यात जुने गाडे आहेत, हॅमिल्टनमधून निघालेली शेवटची मोटार आहे. अध्यक्ष अब्राहम लिंकन १८६५ मध्ये ज्या रात्री नाटकाला गेले आणि मारले गेले, त्या रात्री ते ज्या बग्गीतून गेले ती बग्गीही तिथेच आहे. ती स्टुडिबेकरची नव्हे. क्लेमेंट स्टुडिबेकर यांनी नंतर विकत घेऊन जपून ठेवली होती. गाडेवाल्याला दुसऱ्याने केलेल्या गाडीचीही कदर असायची.

कारखान्याच्या बऱ्याच इमारती पाडल्या गेल्या. पण गावाच्या पश्चिमेला कंपनीने १९२६ मध्ये ८०० एकरांचे एक रान घेतले होते, नव्या गाड्या खाचखळग्यांतून, चढउतारांतून चालवून बघायला. १९३० नंतरच्या दशकात तिथे पाइनची हजारो झाडे अशा रांगांनी लावली, की वरून पाहिले तर इंग्रजीत स्टुडिबेकर हे नाव वाचता यावे. एकेक अक्षर एखाद्या वावराएवढे. सगळे नाव जवळजवळ अर्धा मैल लांब. पुढे ती जागा दुसऱ्या कंपनीकडे गेली, तिने तिथले रान लोकांना बागेसाठी देऊन टाकले. आता तिथे शाळेची पोरे सहलीला जातात. खालून चालताना नुसते झाडांचेच रान दिसते, नाव दिसत नाही. विमानातून जाणाऱ्याला मात्र ते अजून वाचता येते.